ट्रॅक्सचं कौतुक कोण करणार?

परवा मुलाचे मित्र घरी जमले होते. चहा घेऊन गेले तर गाड्यांच्या गप्पा रंगलेल्या. कुठली शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते, कुणाच्या छताला काच आहे, असलं काहीबाही. मी सहज म्हटलं, "अरे, आपल्या ट्रॅक्सचं नाव नाही का कुणी घेत?" सगळे खो खो हसले. चिरंजीव म्हणाले, "आई, ती काय गाडी आहे? डबा आहे नुसता!"

मैत्रिणींनो, मी काही न बोलता रिकामे कप उचलले. पण राग आला. कारण बोलणारा हा मुलगा जगात आला तोच त्या डब्याच्या कृपेनं!

गोष्ट २००३ ची. पहिलं बाळंतपण, म्हणून आष्टी तालुक्यातल्या माझ्या माहेरी होते. पावसाळ्याचे दिवस, रात्री अकराला कळा सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, नगरला न्या, इथं थांबू नका. तेव्हा १०८ ची रुग्णवाहिका नव्हती, ती महाराष्ट्रात आली २०१४ साली. एसटी तर सकाळचीच. आईनं शेजारच्या मामांच्या दाराची कडी वाजवली. मामांची काळीपिवळी ट्रॅक्स होती, दिवसभर सीटा भरायची. ते बनियनवरच बाहेर आले. मधलं सीट मोकळं करून त्यावर वाकळ अंथरली, मागच्या बाकड्यांवर आई, काकू आणि एक अनुभवी आजी बसल्या. कडा, धानोरा मागं पडलं. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. "पोरी, धीर धर, गाडी दगा देणार नाही," असं मामा दर दहा मिनिटांनी म्हणायचे. चिचोंडी पाटीलच्या अलीकडं ओढ्याला पाणी आलं होतं. मामांनी उतरून काठीनं पाणी मोजलं, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गाडी पलीकडं काढली. पहाटे नगरला मुलगा झाला.

पुढं कळलं, त्या डब्याचं कुळ काही साधंसुधं नाही. नगरच्या फिरोदिया घराण्यातले नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानं १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली. जर्मनीतल्या टेम्पो कंपनीशी करार करून ती तीनचाकी मालगाड्या बनवू लागली. आपण माल वाहणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला 'टेम्पो' म्हणतो ना, तो शब्द तिथून आपल्या तोंडी बसला. १९८० च्या दशकात याच कंपनीनं मर्सिडीझवाल्या डेमलर-बेंझकडून डिझेल इंजिनाचं तंत्र घेतलं. चार सिलिंडर, २.४ लिटर. मर्सिडीझनं हेच इंजिन १९७३ पासून आपल्या '२४० डी' मोटारीत बसवलं होतं. त्या इंजिनाच्या जोरावर आधी मॅटॅडोर पळाली, मग ट्रॅक्स. म्हणजे बाजारची पिशवी मांडीवर घेऊन आपण मर्सिडीझच्या इंजिनावर फिरत होतो की! २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. आज चाकणला मर्सिडीझच्या मोटारींची इंजिनं हीच कंपनी जुळवते. हे मुलाला सांगितलं तेव्हा त्यानं लगेच मोबाईल काढून खरं-खोटं तपासलं. आईवर विश्वास नाही!

गाडीची रचनाही बघा. खाली मजबूत चेसिस, त्यावर वेगळी बॉडी, मागं कमानपाटे. म्हणून ती खडखडते, पाठ मोडते, पण खड्ड्यात बसत नाही. बिघडली तर गावचा मिस्त्री पान्याहातोड्यानं चालू करतो. टपावर शेळीपासून लग्नाच्या कपाटापर्यंत काहीही चढतं. मायंबाला मच्छिंद्रनाथांच्या दर्शनाला, नवरात्रात मोहटादेवीला आम्ही बायका त्यातूनच गेलो. चढावर इंजिन घुरघुरायचं आणि आम्ही आत आरत्या म्हणायचो.

माझ्या मते तिचं मोठं काम वेगळंच आहे. बचत गटाच्या कामाला लागले तेव्हा वाड्यावस्त्यांवरच्या बायका बँकेत येईनात. एसटी वस्तीपर्यंत जायची नाही, नवऱ्याला मोटारसायकलवर सोडायला सवड नाही. ट्रॅक्स मात्र दारात यायची. ड्रायव्हर गावातला, कुणाचा दीर तर कुणाचा भाचा, म्हणून सासूबाईंचीही हरकत नसे. कॉलेजच्या मुलींचंही तेच. पोरगी कुणाच्या गाडीत बसली हे वडलांना ठाऊक असायचं. कितीतरी मुली त्यामुळं बारावीच्या पुढं शिकल्या. हे कुठल्या गाडीच्या जाहिरातीत येत नाही.

सगळंच गोड होतं असं नाही हं. दहा-बारांच्या जागेत वीस माणसं कोंबायची, पोरं मागं शिडीला लोंबकळायची. ओळखीतल्या एका घरानं अशाच गाडीच्या अपघातात कर्ता माणूस गमावला. त्या पैशाच्या हावेला माफी नाही. पण तो दोष गाडीत माणसं कोंबणाऱ्यांचा, आणि नाइलाजानं बसणाऱ्या आपलाही थोडा.

आता दिवस बदलले. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू आष्टी ते नगर रेल्वे सुरू झाली. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तशा आम्ही सगळ्या एसटीकडं वळलो. मीही वळले, खोटं कशाला बोलू? त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा पेपरांत रकानेच्या रकाने भरून आले. हळहळले मीही. पण आमच्याकडची एकेक जुनी ट्रॅक्स गुपचूप भंगारात गेली, तिच्यावर चार ओळी कुणी लिहिल्या?

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. मामांची ट्रॅक्स लिंबाखाली उभी, पासिंग कधीच संपलेलं, टायर बसलेले, मधल्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. भंगारवाला भाव सांगून गेला होता. मामा म्हणाले, "दिवाळीपर्यंत ठेवतो, मग बघू." मी मुलाला बोलावलं आणि ते मधलं सीट दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बॉनेट उघडून म्हणाला, "मामा, बॅटरी टाकली तर सुरू होईल का हो?"

मामा चाव्या आणायला घरात गेले.