एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाताय? डोके दुखले तर थांबा!

पूर्वी हिमालयात जाणे म्हणजे बद्री-केदारची यात्रा, असे समीकरण होते. आता आपल्या जिल्ह्याच्या गावांतूनही बँकेतली, शाळेतली, दुकानदारीतली मंडळी गट करून नेपाळला जातात आणि एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत पायी चालून येतात. वय पंचविशीपासून साठीपर्यंत काहीही असते. जाण्यापूर्वी यांतले बरेचजण दवाखान्यात डोकावतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. गुडघे टिकतील का? थंडी सोसेल का? रोज किती किलोमीटर चालायची सवय करू? हे प्रश्न योग्यच आहेत. पण जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, तो क्वचितच कोणी विचारतो. तो म्हणजे, वर गेल्यावर डोके दुखू लागले तर काय करायचे?

हा प्रवास गिर्यारोहण नव्हे. दोर, कुऱ्हाड, तंबू यांतले काहीही लागत नाही. नेपाळच्या खुंबू भागात शेर्पांची वस्ती आहे आणि वाटेवर दोन-तीन तासांच्या अंतराने लहान लहान लॉज आहेत. दिवसभर चालायचे आणि संध्याकाळी छपराखाली जायचे. खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती आणि दोन खाटा. खरा जीव असतो तो जेवणाच्या दालनात. मध्यभागी लोखंडी शेगडी, तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या आणि भोवती दहा देशांतले लोक हात शेकत बसलेले. जेवायला डाळ-भात मिळतो, तोही पुन्हा पुन्हा वाढला जातो, त्यामुळे आपल्या माणसाचे पोट तरी परके होत नाही. (तिथे पाणी ८०-८५ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. स्वयंपाकघरातून शिट्ट्या ऐकू आल्या की घरची आठवण होते, असे जाऊन आलेले सांगतात.)

विमान लुक्ला येथे उतरते. हे गाव सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच, ते १,६४६ मीटर. म्हणजे चालायला सुरुवात करण्यापूर्वीच आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा बाराशे मीटर वर असतो. तिथून फाकडिंग, मग ३,४४० मीटरवरचे नामचे बाजार, मठासाठी प्रसिद्ध असलेले तेंगबोचे, ४,४१० मीटरवरचे दिंगबोचे, सुमारे ४,९०० मीटरवरचे लोबुचे आणि शेवटचा मुक्काम ५,१६० मीटरवरचे गोरक्षेप. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळपास निम्मा असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, २१ टक्के. पण हवाच विरळ झाल्यामुळे प्रत्येक श्वासात आपल्या वाट्याला येणारा प्राणवायू निम्म्यावर येतो.

शरीर हे सोसते, पण त्याला वेळ लागतो. आधी श्वास वाढतो. श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर जातो आणि रक्ताचा आम्लपणा कमी होतो. तो तोल सांभाळायला मूत्रपिंडे कामाला लागतात, म्हणून लघवी वाढते. ही सारी जुळवाजुळव व्हायला काही दिवस लागतात. तोवर झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो आणि माणूस दचकून जागा होतो. बहुतेकांना हा अनुभव येतो. तो भीतिदायक वाटला तरी एरवी धोक्याचा नसतो.

१९५३ साली हिलरी आणि तेनझिंग यांची मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून तेंगबोचेपर्यंत पायी गेली. त्यालाच दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला आणि पुढे त्याच परिसरात ते काही आठवडे हवेशी जुळवून घेत राहिले. लुक्लाची धावपट्टी १९६४ मध्ये हिलरींच्या पुढाकाराने झाली, ती त्या भागातल्या शाळा-दवाखान्यांचे सामान नेण्यासाठी. १९६६ साली खुंदे गावी त्यांनी उभारलेले रुग्णालय आजही लोकांच्या उपयोगी पडते आहे. पण त्याच धावपट्टीने प्रवाशांचे पायी चालण्याचे दिवस वाचवले, आणि नेमके तेच दिवस शरीराला हवे होते. पीटर हॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरीचे गावी २७८ पदयात्रींची पाहणी करून ती १९७६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक लोकांना, ५३ टक्क्यांना, उंचीचा आजार झालेला होता. विमानाने आलेल्यांत तो अधिक होता. घाईने चढणाऱ्यांत अधिक होता. आणि तरुणांत अधिक होता!

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींनी जरा शांतपणे वाचावा. राजगड-तोरणा एका दमात करणारा, रोज दहा किलोमीटर धावणारा तरुण या आजारापासून सुरक्षित नसतो. दणकट फुप्फुसे आणि पोलादी मांड्या इथे संरक्षण देत नाहीत. उलट त्या माणसाला लवकर वर नेतात. भारतीय लष्कराला हे १९६२च्या चीन युद्धाच्या वेळी कळले. सपाटीवरचे धडधाकट जवान वाहनांनी आणि विमानांनी एकदम उंचावर पोहोचवले गेले आणि गोळी न लागताच आजारी पडले. लष्करातील डॉक्टर इंदर सिंग व सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांविषयी १९६९ मध्ये लिहिलेला निबंध जगभर आजही आधारभूत मानला जातो.

आजाराची सुरुवात साधी असते. नव्या उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागते. त्याच्या जोडीला अन्न नकोसे होणे, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे, चक्कर. आदल्या रात्री झोप कमी झाली असावी, ऊन लागले असावे, पाणी कमी प्यायलो असू, अशी कारणे लगेच सुचतात. कारणे खरीही असतील. पण अडीच हजार मीटरच्या वर डोके दुखले, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा. त्या रात्री तिथेच राहावे. साधी डोकेदुखीची गोळी घ्यायला हरकत नाही. एक-दोन दिवसांत बहुतेकांना बरे वाटते आणि मग पुढे जाता येते. लक्षणे अंगावर असताना वरच्या मुक्कामी झोपायला मात्र जाऊ नये. वाढू लागली तर खाली उतरावे.

समजा, आपल्याच गावातला अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण आठ जणांच्या गटात निघाला आहे. दिंगबोचेला त्याचे डोके दुखते. तो गोळी घेऊन गप्प बसतो, कारण गटात सर्वांत तंदुरुस्त म्हणून त्याचीच ख्याती. लोबुचेला पोहोचल्यावर ताटातला भात तसाच राहतो, एकदा उलटी होते. मित्र म्हणतात, "अरे, उद्या पोहोचतोच आपण, एका दिवसासाठी काय माघार घ्यायची?" परतीचे तिकीट ठरलेले, रजा संपत आलेली. रात्री तो शौचाला उठतो तेव्हा दारू प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या खातो आणि विचारले तर असंबद्ध बोलतो.

हा मेंदूला सूज आल्याचा प्रकार आहे. सकाळची वाट पाहत बसलो तर सकाळी तो शुद्धीवर असेलच असे नाही. आपला अंदाज खरा आहे का, हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत चालायला सांगावे. निरोगी माणूस थकलेला असला तरी हे करतो. ज्याला जमत नाही, त्याला त्याच रात्री, बॅटरीच्या उजेडात, दोघांनी धरून खाली न्यावे. एकट्याला कधीही पाठवू नये आणि 'झोपू दे बिचाऱ्याला' असे म्हणू नये. लोबुचेहून फेरीचे सुमारे सहाशे मीटर खाली आहे. एवढ्या उतरण्यानेही पुष्कळ फरक पडतो. तेथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशन या १९७३ साली स्थापन झालेल्या संस्थेचा दवाखाना वसंत आणि शरद या दोन्ही हंगामांत चालतो. हंगामात तेथील डॉक्टर दुपारी तीन वाजता याच विषयावर व्याख्यान देतात. वाटेत असाल तर चुकवू नये.

दुसरा घातक प्रकार फुप्फुसांत पाणी होण्याचा. तो बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्रीच्या सुमारास डोके वर काढतो. चढताना सर्वांनाच धाप लागते, पण स्वस्थ बसल्यावर पाच-दहा मिनिटांत ती बसते. बसूनही दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, खोकला वाढून पुढे गुलाबी फेस पडू लागला असेल, तर वेळ दवडू नये. यात डोके दुखेलच असे नाही. कोरड्या थंड हवेने तिकडे प्रत्येकजण खोकत असतो, त्यामुळे हा खोकला त्या गर्दीत लपतो. ऑक्सिजन मिळाला तर द्यावा, अंगावर गरम कपडे असावेत, आणि खाली न्यावे. शक्यतो उचलून किंवा खेचरावरून, कारण श्रमाने हा विकार वाढतो.

करोनाच्या साथीनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. ते अनेकजण बरोबर नेतात. तिथे ८०च्या आसपास आकडा दिसला की घाबरगुंडी उडते, आणि ८८ दिसला की डोकेदुखी विसरून लोक निघतात! दोन्ही चूक. थंड बोटांवर यंत्र वाटेल तो आकडा दाखवते. माणूस कसा दिसतो, जेवतो का, सरळ चालतो का, हे अधिक महत्त्वाचे.

उपाय औषधापेक्षा वेळापत्रकात आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एका जागी दोन रात्री काढाव्यात. दिवसा थोडे वर जाऊन रात्री खाली झोपायला येणे चांगले. म्हणून नामचेला आणि दिंगबोचेला दोन दोन रात्री राहण्याची पद्धत आहे. जी कंपनी यांतली एक रात्र कापून स्वस्त सहल देते, तिला नम्रपणे नकार द्यावा. शिवाय हाताशी दोन दिवस मोकळे ठेवावेत. लुक्लाचे विमान ढगांमुळे रद्द होते हे तर आहेच. पण खरा उपयोग असा, की गटातला कोणी आजारी पडला तर त्याच्यासाठी थांबता येते. या वाटेची मोठी सोय म्हणजे प्रत्येक वस्तीत छप्पर आणि गरम जेवण आहे. तंबूच्या मोहिमेत थांबणे अवघड, इथे ते फक्त एका रात्रीच्या भाड्याचे काम आहे.

ॲसिटाझोलामाइड हे औषध शरीराची जुळवाजुळव लवकर घडवते. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिले जाते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची पेये बेचव लागतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये. लसणाच्या सूपचा महिमा तिकडे फार गातात. ते चवीला उत्तम, गरमही असते, पण त्यावर भिस्त ठेवू नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या चढताना पूर्ण वर्ज्य.

सामान वाहणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते सगळे शेर्पा असतात आणि त्यांना काही होत नाही, असा गैरसमज आहे. अनेक हमाल खालच्या, उबदार खोऱ्यांतून आलेले असतात. त्यांनाही हाच आजार होतो, आणि रोजगार बुडेल म्हणून ते तो सांगत नाहीत. त्यांच्या अंगावर पुरेसे कपडे आहेत का, रात्री ते कुठे झोपतात, हे रोज संध्याकाळी विचारावे. कोणी आजारी पडला तर पैसे हातावर ठेवून त्याला एकटा खाली धाडू नये.

मधुमेहींनी इन्सुलिन रात्री अंगाशी ठेवावे, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. साखर तपासण्याची यंत्रेही गारठ्यात चुकतात. रक्तदाब काबूत असलेल्यांना सहसा जाता येते. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी आधी सविस्तर तपासणी करावी. विदर्भ आणि खानदेशातल्या वाचकांसाठी विशेष सूचना. घराण्यात सिकलसेल असेल तर रक्ताची तपासणी करूनच बेत ठरवावा. आजार असलेल्यांनी या उंचीवर जाऊ नये. एरवी ज्यांना काहीच त्रास नसतो अशा वाहकांच्याही प्लीहेला उंचीवर इजा होऊ शकते.

विमा काढताना पाच हजार मीटरच्या वरच्या पदभ्रमणाला आणि हेलिकॉप्टरला तो लागू आहे ना, हे वाचून घ्यावे. आणि तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी नको, निदान दीड महिना आधी करावी. येताना सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या आणि सहलीचे मुक्कामवार वेळापत्रक, दोन्ही सोबत आणावे.