परिषदेच्या पाहुण्यांना पणजी दाखवताना

गोव्यात परिषदांची कमतरता नाही. वैद्यक, सागरविज्ञान, बँकिंग, चित्रपट, कोणता ना कोणता मेळावा वर्षभर चालू असतो आणि त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत हल्ली ‘शहराची पायी सफर’ हे एक कलम हमखास आढळते. पाहुण्यांजवळ जेमतेम दोन तास असतात. आयोजक त्यांना बसमधून थेट फोंतेन्हासमध्ये उतरवतात. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींसमोर छायाचित्रे निघतात, बेबिंका खाल्ली जाते आणि ‘पणजी म्हणजे भारतातले छोटे पोर्तुगाल’ असा समज पक्का करून पाहुणे परततात. वास्तविक चूक फोंतेन्हास दाखवण्यात नाही, ते आरंभी आणि एकटेच दाखवण्यात आहे.

सफरीचा आरंभ मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या वाड्यापासून व्हावा. ही वास्तू पोर्तुगीज येण्यापूर्वीची. पुढे तिची पुष्कळ डागडुजी झाली, रूप बदलले, पण जागा तीच राहिली. जुने गोवे रोगराईने ओस पडू लागल्यावर 1759 मध्ये व्हाइसरॉय येथे राहावयास आले; शहराला राजधानीचा अधिकृत दर्जा मात्र 1843 मध्ये मिळाला. मुक्तीनंतर राज्याचे सचिवालय येथेच होते आणि पर्वरीचे संकुल उभे राहीपर्यंत विधानसभाही येथेच भरत असे. सत्तेची इतकी स्थित्यंतरे एकाच इमारतीने पाहिल्याचे दुसरे उदाहरण पणजीत नाही.

येथेच नदीकडे बोट दाखवून एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आज पाहुणे ज्या सरळ रस्त्यांवरून चालतात, त्या भागात पूर्वी बरीचशी दलदल, खाजण जमीन आणि माडांची भाटे होती. रायबंदरकडे जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांधीव मार्ग 1633-34 मध्ये लिन्यारिशच्या काउंटने बांधून घेतला. तो नसता तर पणजीचा जुन्या गोव्याशी जमिनीवरून सुकर संपर्क झाला नसता. दोन शतकांनंतर, 1827 ते 1835 या काळात, दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू यांनी भराव घालून आखीव रस्ते काढले. पावसाळ्यात शहरात पाणी का तुंबते, हा प्रश्न पाहुणे विचारतातच. त्याच्या उत्तराचा एक भाग या भरावात आहे.

वाड्याला लागूनच आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या आणि संमोहनविद्येच्या इतिहासात स्थान मिळवलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूचा हा पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला आणि तो 1945 मध्ये येथे उभारला गेला. मानसोपचार किंवा वैद्यक क्षेत्रातले पाहुणे असतील तर येथे दहा मिनिटे सहज जातात.

त्याहून मोलाचे घर मात्र बहुतेक मार्गदर्शक न बोलता ओलांडतात. वाड्याशेजारचे म्हामाय कामतांचे घर म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या एका मोठ्या व्यापारी पेढीचे ठिकाण. त्यांच्या दप्तरातले कागद आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन केलेले आहेत. त्यांत पोर्तुगीज आणि फ्रेंच आहे, तशीच मोडी लिपीतली मराठीही आहे. कापड, मसाले यांच्याबरोबर अफू आणि गुलामांच्या व्यापाराच्या नोंदीही त्यांत सापडतात. ही माहिती अवघड वाटते म्हणून टाळू नये. परकी सत्ता आणि स्थानिक सावकारी यांचे नाते समजावून देणारे याहून जिवंत उदाहरण शहरात मिळणार नाही. घर खाजगी आहे, म्हणून रस्त्यावरूनच पाहावे.

पुढे चर्च चौक. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पायऱ्यांवर छायाचित्रे घेऊ द्यावीत, पण वरची घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची असून ती 1871 मध्ये येथे चढवली गेली, हे सांगितल्याविना पुढे जाऊ नये. तेथून थोड्याच अंतरावर महालक्ष्मीचे मंदिर आहे. पोर्तुगीज अमलात पणजीत हिंदू मंदिर उभारण्यास परवानगी मिळाली ती 1818 च्या सुमारास, म्हणजे इन्क्विझिशन संपुष्टात आल्यानंतर सहाएक वर्षांनी. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की निराळ्या भाष्याची गरज उरत नाही.

मग चर्चकडे परतून, टेकडीच्या कडेकडेने फोंतेन्हासमध्ये उतरावे. सेंट सेबॅस्टियन कपेलातला क्रूस मुळात जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. तेथून तो पणजीच्या वाड्यात आला आणि 1918 मध्ये या कपेलात. सफरीचा आरंभ वाड्यापासून केलेला असेल, तर पाहुण्यांना या क्रूसाचा प्रवास न समजावताच उमगतो. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, कौलारू छपरे, अरुंद सज्जे यांकडेही मग केवळ रंगीत देखावा म्हणून पाहिले जात नाही.

येथे आयोजकांनी एक पथ्य कसोशीने पाळावे. फोंतेन्हासमध्ये माणसे राहतात. दुपारी तेथे विश्रांतीची वेळ असते, कोणाच्या घरी आजारी असते, कोणाची परीक्षा असते. दाराच्या पायरीवर बसून छायाचित्रे काढणाऱ्यांना आणि गल्लीत ध्वनिवर्धक घेऊन बोलणाऱ्या मार्गदर्शकांना रहिवासी कंटाळले आहेत. ‘छायाचित्र काढू नये’ अशा पाट्या तेथे उगाच लागलेल्या नाहीत. पंधरापेक्षा मोठा गट असेल तर दोन मार्गदर्शक घेऊन तो विभागावा. इतिहास चौकात सांगून घ्यावा, गल्लीतून शांतपणे चालावे.

शेवटचा थांबा मळ्याचा झरा. फोंतेन्हास या नावाचा अर्थच लहान झरे असा आहे. वर मारुतीगड, खाली झरा आणि पलीकडे ओरेची खाडी, असे शहराच्या जन्माचे सारे साहित्य तेथे एका दृष्टिक्षेपात येते. एकूण चाल सुमारे अडीच किलोमीटरची, थोड्या चढउताराची. ज्येष्ठ पाहुण्यांना आधी कल्पना द्यावी आणि सकाळी साडेसातच्या आत निघावे. परतीची बस मात्र पाटोला खाडीपलीकडे उभी करावी. फोंतेन्हासच्या गल्ल्या तिच्यासाठी बांधलेल्या नाहीत.