खारें पाणी, भाताचें मूळ आणि तिवराचें पान

उधाणाच्या भरतीनें बांधास खांड पडून खाडीचें पाणी खाचरांत शिरलें, कीं थोड्याच दिवसांत भाताचें रोप मान टाकतें, पानांचे शेंडे पिवळे पडतात व पुढें सबंध खाचर वणव्यांतून निघाल्यासारखें दिसूं लागतें. "मिठानें पीक जाळलें" असें आपण म्हणतों. परंतु त्याच बांधाच्या पलीकडे, दिवसांतून दोन वेळां त्याच पाण्यांत बुडणारें तिवराचें झुडूप हिरवेंगार उभें असतें. मीठ जर जाळणारेंच असेल, तर तें एकास जाळतें व दुसऱ्यास सोडतें हें कसें? हा प्रश्न ज्यानें एकदां नीट सोडविला, त्यास खारभूमींत काय करावें व काय करूं नये हें पुष्कळसें आपोआप कळतें. त्याचें उत्तर मात्र पिकाच्या पानांत किंवा मातींत वरवर पाहून सांपडत नाहीं; त्यासाठीं वनस्पतीच्या पेशीपर्यंत खालीं उतरावें लागतें.

साष्टी बेटाचा उपनगरी भाग या विषयाच्या अभ्यासास फार सोयीचा आहे. पश्चिमेस मालाड, मनोरी व गोराई येथील खाड्या आणि पूर्वेस घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेला ठाण्याच्या खाडीचा कांठ, अशा दोन्ही बाजूंनीं समुद्र या भूमीस लागून आहे. वांद्र्याच्या उत्तरेस 'खार' या नांवाचें उपनगरच आहे. मुलुंड, भांडुप व कांजूर येथील मिठागरेंही सर्वांस ठाऊक आहेत. अंधेरी व घाटकोपर हीं गांवें १९५० सालीं आणि बोरिवली व मुलुंड हीं १९५७ सालीं बृहन्मुंबईंत आलीं; तेव्हांपासून तेथील बहुतेक खाचरें इमारतींखालीं गेलीं. तरी खाडी तीच आहे आणि तिवरेंही आहेत. पालघर, ठाणें, रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांत ज्यांची खारभूमि आहे, त्या आमच्या वाचकांनीं बोरिवलीस आल्यावेळीं गोराईच्या खाडीकांठीं जाऊन पुढील गोष्टी स्वतः पाहाव्या.

प्रथम पेशी म्हणजे काय तें सांगूं. १६६५ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट हुक यानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला, तेव्हां त्यास मधाच्या पोळ्यासारखीं लहान लहान घरें दिसलीं. एका घनइंचांत अशीं सुमारें १२५ कोटि घरें बसतात असा त्यानें हिशेब केला. त्यास दिसलीं तीं घरें रिकामीं होतीं, कारण बूच ही मेलेली साल; जिवंत घरांत काय असतें हें पुढें कळलें. १८३८-३९ च्या सुमारास श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं व श्वान यानें प्राण्यांविषयीं असें प्रतिपादिलें, कीं सर्व सजीवांचीं शरीरें पेशींचींच बनलेलीं आहेत. भाताचा कोंभ, बैलाचें कातडें, खाडींतील निवटी व आपण स्वतः, सर्वांची बांधणी एकाच प्रकारच्या विटांची आहे.

वनस्पतीची पेशी ही एखाद्या शेतघरासारखी समजावी. सर्वांत बाहेर काष्ठमय द्रव्याची कणखर भिंत असते. तिला पेशीभित्तिका म्हणतात. हिच्यांतून पाणी व मीठ दोन्ही सहज आरपार जातात, जशी कुडाच्या भिंतींतून हवा. खरा दरवाजा तिच्या आंत आहे. भिंतीस लागून एक अत्यंत पातळ पडदा असतो, त्यास पेशीपटल म्हणतात. हा पडदा निवडक आहे. पाण्यास तो वाट देतो. मीठ, साखर यांस अडवितो किंवा ठराविक दारांनींच, मोजूनमापून आंत घेतो. पाण्यासाठीं या पडद्यांत स्वतंत्र बारीक नळ्या असतात, हें १९९२ च्या सुमारास अमेरिकेंतील पीटर एग्री यांनीं दाखविलें व त्याबद्दल त्यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पडद्याच्या आंत दाट जीवद्रव्य, त्यांत सर्व कारभाराची वही सांभाळणारें केंद्रक, हिरव्या भागांत सूर्यप्रकाशावर अन्न शिजविणारे हरितकण, आणि मधोमध पाण्यानें भरलेली मोठी थैली असते. या थैलीस रिक्तिका म्हणतात. नांवावरून ती रिकामी वाटेल, परंतु रोप ताठ उभें राहतें तें तिच्याच जोरावर. सायकलच्या चाकांत जसा धांवेच्या आंत रबरी नळीचा फुगारा, तसा भिंतीच्या आंत या थैलीचा दाब असतो. तो गेला कीं पान लोंबतें.

प्राण्याच्या पेशीस ही बाहेरची भिंत नसते व हरितकणही नसतात. पेशीपटल, जीवद्रव्य व केंद्रक मात्र असतें. हा फरक लहान दिसला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत, व त्यांकडे आपण पुढें येऊं.

आतां पाण्याचा नियम. निवडक पडद्याच्या एका बाजूस गोडें पाणी व दुसऱ्या बाजूस खारें किंवा साखरेचें पाणी ठेवलें, तर पाणी गोड्या बाजूकडून दाट बाजूकडे झिरपत जातें. यास परासरण म्हणतात. आमच्या घरांतील गृहिणी हा नियम रोज वापरतात. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें कीं तासाभरांत भांड्यांत पाणी सुटतें. तें फोडींच्या पेशींतून मिठानें ओढलेलें असतें. काकडीच्या कोशिंबिरीस आधीं मीठ घालूं नये म्हणतात, तें याचमुळें. उलट हरभरे रात्रीं भिजत घातले कीं सकाळीं टचटचीत फुगतात. वेसाव्याचे कोळी मासळी खारवतात तेंही हेंच. मासळी कुजविणारे जंतु एकेका पेशीचे असतात, आणि मीठ त्यांच्यांतील पाणी काढून घेतें.

ज्यांस स्वतः पाहावयाचें असेल त्यांनीं बटाट्याच्या सारख्या जाडीच्या दोन चकत्या घ्याव्या. एक साध्या पाण्यांत व दुसरी, लिटरभर पाण्यांत दोन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यांत ठेवावी. दोन तासांनीं पहिली कडक व करकरीत लागेल. दुसरी कातड्यासारखी लवचीक होऊन वांकेल. हें दुसरें पाणी जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतकेंच खारट आहे, कारण समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात.

बटाट्याची जी गति झाली तीच बुडालेल्या खाचरांत भाताच्या मुळाची होते. एरवीं मुळांच्या पेशींतील रस मातींतील पाण्यापेक्षां दाट असतो, म्हणून पाणी आपण होऊन मुळांत शिरतें. खाडीचें पाणी आलें कीं बाहेरची बाजू दाट होते, मुळास पाणी मिळेनासें होतें, व फार खारटपणा असल्यास आंतलेंही बाहेर ओढलें जातें. गुडघाभर पाण्यांत उभें असलेलें रोप तहानेनें मरतें! तेव्हां 'जळालें' हा शब्द दिसण्यापुरताच खरा आहे.

तहान हा पहिला घाव. दुसरा त्यामागून येतो. मिठांतील सोडियम थोडा थोडा मुळांतून वर चढतो व पानांत सांठतो. पेशींतील कित्येक कामांस पोटॅशियम लागतो. सोडियम त्याच्या जागीं जाऊन बसतो, पण काम करीत नाहीं. म्हणून जुन्या पानांचे शेंडे आधीं करपतात व मग करपा खालीं उतरतो. नुसत्या तहानेनें सुकलेलें रोप गोडें पाणी मिळतांच पुन्हां उठतें. सोडियमनें भरलेलें पान उठत नाहीं.

कोकणच्या जुन्या शेतकऱ्यांनीं खारवटास टिकणारीं 'काळा रता', 'भुरा रता' यांसारखीं भातें जपून ठेवलीं होतीं. त्यांचें मर्म काय, हें शास्त्रास बरेंच उशिरां उमगलें. बंगालच्या खाडीकांठीं 'नोना बोक्रा' नांवाचें असेंच एक भात आहे. त्यांतील एक गुणघटक २००५ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं ओळखला. तो मुळांतून वर चढणाऱ्या रसांतला सोडियम वाटेंतच काढून घेतो, म्हणजे पानापर्यंत फारसा पोंचूं देत नाहीं. अर्थात् सहनशील भातास मीठ आवडतें असें नव्हे. तें त्यास दाराशींच थोपवितें इतकेंच. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानें तयार केलेल्या पनवेल १, २ व ३ या जाती आज खारभूमींत लावल्या जातात. परंतु कोणत्याही जातीची शक्ति मर्यादित आहे, हें विसरूं नये. मातीची क्षारता डेसीसीमेन्स या मापानें मोजतात. साधारण भाताचें उत्पन्न ३ च्या पुढें घटूं लागतें, आणि समुद्राचें पाणी सुमारें ५० असतें. उघडी खांड बियाण्याच्या जोरावर भरून निघत नाहीं.

मग तिवर कसें जगतें? तेंही तीन उपायांनीं. मुळांच्या पेशी बहुतेक मीठ बाहेरच गाळून टाकतात. पेशींतील रस इतका दाट ठेवलेला असतो, कीं समुद्राच्या पाण्यांतूनही पाणी ओढतां यावें. समुद्राच्या पाण्याची ओढ सुमारें २५ वातावरणदाबाइतकी आहे, म्हणजे तिवरास त्याहून जोरानें ओढावें लागतें. शोलांडर या शास्त्रज्ञानें १९६५ सालीं अशा झाडांच्या फांद्या दाबपात्रांत घालून ही ओढ प्रत्यक्ष मोजली. इतकेंही करून जें मीठ आंत येतें, तें पानांवरील सूक्ष्म ग्रंथि बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत तिवराच्या पानावर पांढरे कण दिसतात. पान जिभेस लावल्यास खारट लागतें. गुरें हा पाला खातात, हें खाडीकांठच्या लोकांस नवें नाहीं. कांदळास अशा ग्रंथि नसतात, त्याची भिस्त मुळांच्या गाळणीवर. आणि त्याचें बीं झाडावरच रुजून हातभर मूळ काढूनच खालीं पडतें. कोंवळेपणींच मीठ बाधतें हें जणूं त्यास ठाऊक असावें.

तिवराभोंवतीं चिखलांतून वर आलेले पेन्सिलीसारखे कोंब दिसतात. तीं मुळेंच होत, श्वासासाठीं वर आलेलीं. मुळांच्या पेशींसही, आपल्याप्रमाणेंच, प्राणवायु लागतो व चिखलांत तो नसतो. भात हीच अडचण देठांतील पोकळ्यांतून हवा खालीं नेऊन सोडवितें.

प्राण्यांचें काय? त्यांच्या पेशींस भिंत नाहीं, म्हणून गोडें पाणी फार शिरल्यास त्या फुटतील व खाऱ्या पाण्यांत आकसतील. त्यांस शरीरांतील रसाचा खारटपणाच सांभाळावा लागतो. आपल्या रक्तास लिटरास सुमारें ९ ग्रॅम मिठाचें पाणी समतोल ठरतें. समुद्राचें पाणी प्यालें तर तें मीठ मूत्रावाटे काढण्यास प्यालेल्याहून अधिक पाणी खर्चावें लागतें, म्हणून तहान वाढतेच. समुद्रांतील पापलेट पाणी पितो व मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. तळ्यांतील मरळ पाणी जवळजवळ पीत नाहीं व पातळ मूत्र पुष्कळ सोडतो. ठाण्याच्या खाडींत हिवाळ्यांत हजारोंनीं उतरणारे रोहित पक्षी डोक्यांतील ग्रंथींतून मीठ नाकपुड्यांवाटे टाकतात. म्हणजे तिवरानें पानास जी ग्रंथि दिली, तीच युक्ति पक्ष्यानें नाकास दिली.

आतां शेताकडे. खांड पडल्यास पहिलें काम बांध व उघाडी दुरुस्त करण्याचें. बाकीचें सर्व त्यानंतर. बांधांसाठीं १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा व पुढें १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा झाला. तरी पावसाळ्यापूर्वीं बांधावरून एक फेरी मारण्याचें काम कोणताही कायदा करीत नाहीं. बांधाबाहेरील तिवरें लाटांचा मार सोसून बांध राखतात. तीं तोडण्यास उच्च न्यायालयाचीही मनाई आहे.

सांठलेलें खारें पाणी ओहोटीस उघाडींतून सोडावें. मग पावसाचें पाणी खाचरांत कोंडावें, एक-दोन दिवस ठेवून सोडावें, व पुन्हां कोंडावें. नुसतें वाहून गेलेलें पाणी वरची खार नेतें. मुळाखालची खार धुण्यास पाणी मातींत मुरावें लागतें. भाताचें बीं खाऱ्या मातींत बऱ्यापैकीं रुजतें, परंतु दोन-तीन पानांवरचें रोप व फुलोऱ्यांतील पीक हीं सर्वांत नाजूक. म्हणून माती पुरती धुतली जाण्याआधीं लावणीची घाई करूं नये; शक्य तर रोप किंचित् जून घ्यावें व एका चुडींत एखाददोन काड्या अधिक लावाव्या. खताचेंही तसेंच आहे. अमोनियम सल्फेट हाही क्षारच होय, आणि युरिया क्षार नसला तरी पाण्यांत विरघळून तसाच परिणाम करतो. रोपाच्या बुंध्याशीं मूठभर टाकल्यास तें गोड्या जमिनींतसुद्धां खाडीच्या पाण्याचेंच काम करतें. थोडें थोडें, दोन-तीन वेळां द्यावें.

कापणीनंतर जमीन उघडी पडली, कीं उन्हानें पाणी वर येऊन उडतें व मीठ मागें राहतें. मार्च-एप्रिलमधील पांढरी खपली ती हीच. पेंढा अंथरून जमीन झांकल्यास ती कमी येते. मातीचा नमुना याच दिवसांत, खपली खरडून टाकून वीतभर खोलीपर्यंतचा घ्यावा व खाचराच्या चार-पांच जागांचा एकत्र करावा. दुसरा नमुना पाऊस चांगला मुरल्यावर, लावणीपूर्वीं, त्याच जागांचा घ्यावा. दोन आंकड्यांतील अंतर म्हणजे आपल्या पावसानें धुतलेली खार. आणि दुसरा आंकडा ३ च्या वर राहिला असेल, तर आणखी एक-दोन वेळां पाणी कोंडून सोडल्याखेरीज चिखलणी करूं नये.