आवणी पडकईने, शेक वेळेवर
भीमाशंकर पट्ट्यात भाताची आवणी आणि कारभारणीच्या कर्करोगावरचा शेक एकाच वेळी आला, तर आवणी पडकईने उरका. शेकात खाडा नको. खंड पडला की उरलेल्या रोगाला वाढायला वाव मिळतो. शेक बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतो. परळच्या टाटा रुग्णालयात (स्थापना १९४१) जायचे तर राहण्याची सोय आधीच बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार सोबत घ्या. अंगावर आखलेल्या खुणा पुसू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे तेल, हळद, बाम लावू नका. बाहेरून दिलेल्या शेकाचे किरण अंगात राहत नाहीत. लेकरांना खुशाल जवळ बसू द्या. थकवा येतो, तेव्हा चूल-पाणी तुम्ही सांभाळा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही लागणारे दाखले लगेच द्यावेत.