अबोल विद्यार्थी आणि विद्यापीठ

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत घणसोली गावातल्या आमच्या आळीत एका घरी मोठा वाद झाला. घरची मुलगी नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती. तिने एकाएकी जाहीर केले की, आपण कॉलेज सोडणार. कारण विचारता ती म्हणाली, "मी अंतर्मुख आहे. तिथल्या गोंगाटात माझे मन लागत नाही. पुस्तके काय, घरीही वाचता येतात."

हे मत तिचे एकटीचे नव्हते. तरुणांना उपदेश करणारे तरुण आज पुष्कळ झाले आहेत, त्यांच्यापैकी एकीचे म्हणणे तिच्या मनात ठसले होते. त्या म्हणण्यावर वडीलधाऱ्यांनी उठविलेली झोडही तिच्या कानावर आली होती. ही पिढी नाजूक आहे, कष्टाची चोर आहे, अंतर्मुखपणा हे आळसाचेच नवे नाव आहे, असा त्या टीकेचा सूर होता. घरच्यांनीही तोच सूर लावला. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसविण्यासाठी या पट्ट्यातल्या गावांची भातशेती व मिठागरे गेली. त्यांत या मुलीच्या आजोबांची जमीनही गेली. त्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच मुलगी.

समजूत घालण्यासाठी आम्हांला बोलाविण्यात आले. मुलीने आम्हांलाच उलट विचारले, "काका, तुम्ही कुठे कॉलेजात गेला होतात? तुमचे काय अडले?" उत्तर देताना आमची जी धांदल उडाली, तिच्यातून पुढील विवेचन जन्मास आले आहे.

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे. 'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे आपले जुने शब्द आहेत. मानसशास्त्रात ही विभागणी रूढ केली ती स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग यांनी, १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. ज्याच्या मनाचा ओढा आतल्या विचारांकडे, तो अंतर्मुख. बाहेरच्या माणसांकडे व घडामोडींकडे, तो बहिर्मुख. पुढे आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली असे मत मांडले की, अंतर्मुख माणसाचा मेंदू थोड्या चेतनेनेही लवकर जागा होतो, म्हणून गर्दी व गलबला त्याला लवकर पुरे होतो. हा आजार नव्हे आणि दोषही नव्हे. शिवाय निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणसे थोडीच. बहुतेक जण मधल्या पायऱ्यांवर उभे असतात.

आपल्या भाषेने याहून बारीक भेद केले आहेत. मितभाषी म्हणजे कमी बोलणारा. त्याला भीती नसते, गरज वाटत नाही एवढेच. मुखदुर्बळ म्हणजे ज्याला बोलायचे असते, परंतु चार माणसांसमोर ज्याची जीभ लुळी पडते. माणूसघाणा तिसरा, त्याला माणसेच नकोत. आणि चौथा प्रकार असा की, ज्याला कोणी बोलूच दिलेले नाही. चौघेही गप्प दिसतात, पण चौघांची औषधे निराळी आहेत. टीकाकारांची चूक ही की ते चौघांनाही आळशी ठरवितात. तरुण उपदेशकांची चूक ही की ते चौघांनाही अंतर्मुख म्हणून घरी पाठवितात.

मुखदुर्बळतेचे प्रसिद्ध उदाहरण महात्मा गांधींचे. बॅरिस्टरीसाठी ते १८८८ साली लंडनला गेले. तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर असताना आपले म्हणणे त्यांनी कागदावर लिहून नेले, पण ते वाचण्याचाही धीर त्यांना झाला नाही; दुसऱ्याने ते वाचून दाखविले. बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षांबरोबर एक गमतीची अट होती. प्रत्येक सत्रात ठरावीक भोजनांना हजर राहावे लागे. आजच्या ७५ टक्के हजेरीची ही आजीच म्हणावी! चौघांच्या गटाला दोन बाटल्या दारू मिळे, आणि गांधी पीत नसल्यामुळे आपल्या गटात ते असावेत म्हणून इतरांची ओढाताण चाले. १८९१ साली ते बॅरिस्टर झाले. मुंबईला येऊन स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले, तेव्हा डोके गरगरले आणि ते खाली बसले. अशिलाला त्यांनी फी परत केली. मात्र पुढे आत्मचरित्रात त्यांनी या संकोचाचे आभारच मानले आहेत. त्याने त्यांना शब्द मोजून वापरण्यास शिकविले. अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा १९१८ चा लढा याच गृहस्थाने चालविला, हे आमच्यासारख्या कामगार कार्यकर्त्याला कसे विसरता येईल?

चौथ्या प्रकारासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहावे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे, स्वतः नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. त्या एकटेपणाला स्वभाव म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. तो समाजाने लादलेला होता. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ते इतरांच्या बरोबरीने बसू शकले. ग्रंथालयात तासन् तास एकट्याने वाचणारा हा विद्यार्थी वर्गातल्या चर्चेतूनही घडला. त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली व १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. एकांतात वाचलेल्या पुस्तकांनी सर्व काही भागते, असे त्यांना वाटले असते तर त्यांनी हा खटाटोप केला नसता.

आता विद्यापीठाकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. आरंभी शिकविणे हे कॉलेजांचे काम आणि परीक्षा घेऊन पदवी देणे हे विद्यापीठाचे. ही पद्धत अबोल मुलाला एका अर्थी सोयीची होती. उत्तरपत्रिकेवर त्याचा आवाज उमटत नाही. आज परीक्षेबरोबर गटाने करावयाचे प्रकल्प, वर्गापुढे उभे राहून करावयाची मांडणी आणि नोकरीसाठी गटचर्चा, हे सारे आले आहे. त्यांत बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. तेव्हा मुलीची तक्रार खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

मग तिने घरी बसून शिकावे काय? येथे आम्हांला आमचीच एक चूक सांगणे भाग आहे.

आमचे शिक्षण ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांच्या गेटवर आणि रात्रीच्या दिव्याखाली झाले. नारायण सुर्वे यांच्या १९६६ सालच्या संग्रहाचे नावच 'माझे विद्यापीठ'. ते नाव आम्ही वर्षानुवर्षे अभिमानाने मिरविले. कायद्याची पुस्तके आम्ही एकट्याने वाचली. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचे वेतन देण्याची तरतूद होती. महिन्याचे दिवस ३०, म्हणून आम्ही मासिक वेतनाला ३० ने भागून हिशेब करीत असू. वास्तविक भागायचे २६ ने. मासिक वेतन ५,२०० रुपये व नोकरी २० वर्षे असेल, तर आमच्या हिशेबाने ५२,००० रुपये होत आणि कायद्याने ६०,०००. एका कंपनीत आम्ही तीन कामगारांचा हिशेब असा करून दिला. कंपनीने तो आनंदाने मान्य केला!

गेट-मीटिंगमध्ये आम्ही हा आकडा मोठ्या आवाजात सांगितला, तेव्हा मागे एक कामगार उभा होता. रात्रीच्या कॉलेजात तो वाणिज्य शाखेचे शिक्षण घेत होता आणि स्वभावाने अगदी मुखदुर्बळ होता. चूक त्याच्या तत्काळ ध्यानात आली होती. तो बोलला नाही. महिन्याभराने त्याने आमच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तीत हिशेब मांडलेला होता. आम्ही रागावून विचारले, "तेव्हाच का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "दादा, तिथे तुमच्याशिवाय कोणाला बोलायला जागा होती?" दोघांना फरकाची रक्कम मिळवून दिली. तिसरे गावी निघून गेले होते. त्यांना आम्ही पत्रे धाडली. उत्तर आले नाही.

या प्रसंगाने आम्हांला दोन गोष्टी शिकविल्या. एक अशी की, पुस्तक वाचणाऱ्याची चूक पुस्तक दाखवीत नाही. ती दाखवायला शिक्षक लागतो, सोबती लागतो, लाल शाईने खूण करणारा परीक्षक लागतो. विद्यापीठ म्हणजे मुख्यतः ही सोय. आम्हांला ती मिळाली नाही, आणि तिची किंमत आम्ही नव्हे, त्या तिसऱ्या कामगाराने मोजली. तेव्हा आमचे उदाहरण कोणी देऊ नये. दुसरी गोष्ट अशी की, अबोल माणसाच्या मौनाने सभेचेही नुकसान होते, आणि तो दोष बहुतेक वेळा सभा चालविणाऱ्याचा असतो. ज्या वर्गात फक्त चढा आवाज ऐकू येतो, त्या वर्गाने आपली चूक दाखविणारा विद्यार्थी गमावलेला असतो.

ज्याला रोजची गर्दी खरोखरच सोसत नाही, त्याला पळवाट नव्हे, तर सरळ वाट आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच चालले आहे. मात्र तेथेही अभ्यासकेंद्र असते आणि उत्तरे कोणीतरी तपासतो. शिक्षकांनी एवढे करावे: प्रश्न विचारल्यावर क्षणभर थांबावे, लेखी उत्तरालाही तोंडी उत्तराइतकेच मोल द्यावे, आणि गटातील प्रत्येकाचे काम वेगळे पाहावे. आईबापांनी मुलाला 'घुमा' म्हणून हिणविण्यापूर्वी तो चौघांपैकी कोण आहे, हे विचारावे. कॉलेजात कोणी छळत असेल, जातीवरून वा बोलण्याच्या ढबीवरून हसत असेल, तर तो स्वभावाचा प्रश्न राहत नाही. तेथे तक्रारच करावी लागते.

आम्ही त्या मुलीला असेच विचारले. पुष्कळ वेळाने ती म्हणाली की, आपल्या आगरी बोलीला वर्गात हसले होते. म्हणजे ती अंतर्मुख होती खरी, पण तिला घरी बसविले होते दुसऱ्याच गोष्टीने. तिची आई तिच्याबरोबर कॉलेजात जाऊन प्राध्यापिकाबाईंना भेटली. मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे. गोंगाटाची तिची तक्रार कायम आहे. मधली सुट्टी ती ग्रंथालयात काढते.

तेव्हापासून आमच्या गेट-मीटिंगमध्ये आम्ही एक रिकामा डबा ठेवतो. ज्याला बोलता येत नाही, त्याने चिठ्ठी टाकावी. व्याख्यानमालेच्या चालकांनीही असा डबा दाराशी ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. आमच्या या विवेचनात काही चुकले असेल, तर ते प्रथम त्यातूनच आम्हांला कळेल.