एकहाती सॉफ्टवेअर (भाग ५) : दर आधी, गर्दी नंतर

एकट्याने सॉफ्टवेअर सेवा उभी करणाऱ्याला सर्रास मिळणारा सल्ला असा : आधी फुकट द्या, माणसं जमवा, पैशांचं नंतर बघू. पाठीशी मोठे गुंतवणूकदार असतील तर हा सल्ला वाईट नाही. अन्नछत्र चालवायला मागे संस्थान लागतं आणि ते असलं की चालतं. एकट्या माणसाजवळ मात्र थोडी बचत आणि रात्रीची झोप एवढंच भांडवल असतं, आणि फुकटची सेवा या दोन्हींवर डल्ला मारते. ग्राहक वाढले की सर्व्हरचं बिल वाढतं, ‘पासवर्ड चालत नाही’ छापाच्या मेल वाढतात, उत्पन्न मात्र शून्यावरून हलत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून दर लावायचा. तो कमाईसाठी हवाच, पण त्याहून जास्त तो वाढीचा वेग एका माणसाला पेलेल इतका राखण्यासाठी हवा. गेल्या भागात सेवा लोकांपुढे कधी आणावी याचा विचार केला; दराचा निर्णय त्याच्याही आधीचा आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ‘पिनबोर्ड’. वेबपानांच्या खुणा जपून ठेवणारी ही साधी सेवा माचेय त्सेग्लोव्स्की यांनी २००९ मध्ये सुरू केली आणि पुढे मुख्यतः एकट्याने चालवली. त्या वेळी या क्षेत्रात ‘डिलिशस’चं राज्य होतं, ती सेवा २००५ मध्ये याहूने विकत घेतली होती आणि ती फुकट होती. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसमोर पिनबोर्डने प्रवेशशुल्क लावलं, तेही चढतं. एकूण सभासदांच्या संख्येला डॉलरच्या हजाराव्या भागाने गुणायचं आणि येईल तो आकडा नव्या माणसाने एकदाच भरायचा. म्हणजे हजार माणसं वाढली की दर एका डॉलरने वर. आज आलात तर स्वस्तात, उद्या आलात तर थोडं महाग, त्यामुळे रेंगाळणाऱ्याला आत यायला कारण मिळालं. आणि गर्दी वाढेल तशी दाराची उंचीही आपोआप वाढत गेली. याची परीक्षा १६ डिसेंबर २०१० रोजी झाली. याहूच्या अंतर्गत बैठकीतली एक स्लाइड बाहेर फुटली आणि तीत डिलिशसचं नाव बंद करायच्या सेवांच्या यादीत होतं. वर्षानुवर्षांच्या खुणा हातात घेऊन माणसं पिनबोर्डच्या दाराशी आली. फुकटची सेवा असती तर या लोंढ्याने तिचा मालक कर्जबाजारी झाला असता. इथे प्रत्येक येणारा सर्व्हरचं भाडं बरोबर घेऊनच येत होता.

पण या सूत्रात एक खोट होती, आणि ती गणितातच आहे. दर सभासदसंख्येच्या प्रमाणात वाढतो तेव्हा एकूण जमा तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सूत्र काटेकोर धरलं तर दहा हजार सभासदांपर्यंत सुमारे ५०,००० डॉलर जमतात आणि वीस हजारांपर्यंत सुमारे दोन लाख. कागदावर झकास. खर्च मात्र दर महिन्याला येतो आणि जमा एकदाच होते. नवी माणसं येणं मंदावलं की जुन्यांची सेवा कोणाच्या पैशातून करायची? शिवाय दर जसा चढतो तसं नव्यांचं येणं मंदावणारच. जानेवारी २०१५ मध्ये पिनबोर्डने एकरकमी शुल्क सोडून नव्या सभासदांसाठी वर्षाला ११ डॉलर असा दर ठेवला. एकदाच शुल्क घेऊन ‘आजीवन’ सेवा देण्याचा मोह आपल्याकडेही अनेकांना होतो. त्यांनी हा बदल जरूर अभ्यासावा. दरम्यान डिलिशस एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली आणि जून २०१७ मध्ये पिनबोर्डनेच ती ३५,००० डॉलरला विकत घेतली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : मग ‘प्लेंटी ऑफ फिश’चं काय? व्हँकूव्हरच्या मार्कुस फ्रिंड यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे जोडीदार शोधण्याचं संकेतस्थळ वापरणाऱ्यांना फुकट होतं, बराच काळ त्यांनी ते जवळजवळ एकट्याने चालवलं आणि २०१५ मध्ये मॅच ग्रुपने ते ५७.५ कोटी डॉलरला घेतलं. आक्षेप खरा आहे, पण पैसे कुठून येत होते ते बघा. गूगलची ॲडसेन्स योजना नेमकी २००३ मध्येच आली होती आणि तिथे जाहिरातदार प्रत्येक क्लिकचे पैसे मोजत होता. वापर वाढला की उत्पन्न वाढत होतं, म्हणजे दर होताच, फक्त तो तिसऱ्याच्या खिशातून येत होता. शिवाय तिथला सगळा मजकूर सभासदच एकमेकांसाठी लिहीत होते. दवाखान्याच्या भेटींची नोंद किंवा क्लासची फी सांभाळणाऱ्या सेवेला यातलं काहीच लागू होत नाही. डॉक्टरच्या पडद्यावर जाहिराती दाखवून कोणाचं भाडं सुटणार? मर्यादित दिवसांची चाचणी मोफत देणं वेगळं. तिला माझा विरोध नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा : दर लावा, पण भरपूर लावा. ‘टार्सनॅप’ ही कॉलिन पर्सिव्हल यांची सांकेतिक बॅकअप सेवा. तिचा दर ते पिकोडॉलरमध्ये, म्हणजे डॉलरच्या एक लाख कोटीव्या भागात सांगतात : महिन्याला एका बाइटमागे २५० पिकोडॉलर, म्हणजे गिगाबाइटमागे पंचवीस सेंट. शिक्षकांना बिंगोची पत्रकं बनवून देणारं सॉफ्टवेअर एकट्याने विकणाऱ्या पॅट्रिक मॅकेन्झी यांनी २०१४ मध्ये या दरपद्धतीवर सविस्तर टीका केली. सेवेची किंमत तिच्या मोलाच्या मानाने फारच कमी आहे आणि हे एकक कंपन्यांच्या खरेदी विभागाला कळणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरा मुद्दा मला निर्विवाद वाटतो. पहिल्यात मात्र मोठं होणं हेच ध्येय असं गृहीत धरलेलं आहे, आणि ते प्रत्येकाचं नसतं. तरी स्वस्त दराची एक किंमत असते. जुलै २०२३ मध्ये मुख्य सर्व्हर कोसळून टार्सनॅप एक दिवसाहून अधिक काळ बंद राहिली. पर्सिव्हल यांनी झाल्या प्रकाराचा तपशील जाहीर केला आणि ग्राहकांच्या खात्यात अर्ध्या महिन्याच्या साठवणशुल्काइतकी रक्कम जमा केली. एकच माणूस म्हटला की हे आलंच. पिनबोर्डच्या ग्राहकांनीही पुढच्या वर्षांत मेलला उत्तरं मिळत नसल्याच्या तक्रारी केल्या. तेव्हा दर ठरवताना सर्व्हरच्या भाड्याबरोबर आजारपणात काम बघणाऱ्या मदतनिसाचा मेहनतानाही त्यात धरायला हवा. तो परवडत नसेल तर दर कमी आहे असं खुशाल समजावं.

उरतो तो आपल्याकडचा आक्षेप : भारतात सॉफ्टवेअरसाठी कोण पैसे मोजतं? हे अर्धसत्य आहे. टॅलीसाठी व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं पैसे मोजले आहेत, चोरट्या प्रती फिरत असतानाही. खरी अडचण दर महिन्याला आपोआप होणाऱ्या वसुलीची आहे. रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणं सक्तीचं झालं आणि ठरावीक रकमेवर पुन्हा पडताळणीही. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. महिन्याला दोनशे रुपये घेणाऱ्या पुण्यातल्या किंवा नाशिकच्या एकट्या माणसाने बारा वेळा फसू शकणाऱ्या वसुलीमागे धावण्यापेक्षा वर्षाचे पैसे एकदाच, आगाऊ, यूपीआयने घ्यावेत. ग्राहक दरवर्षी आपल्या हाताने पैसे भरतो तेव्हा सेवा अजून हवी आहे का, हे त्याला ठरवावं लागतं. काही जण भरणार नाहीत. एकट्याच्या धंद्यात ही संख्या इतकी लहान असते की त्यातल्या प्रत्येकाला फोन करून कारण विचारता येतं. त्या फोनवर काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, ते पुढच्या भागात.