मिटलेला ‘डोळा’ उघडणारे गणित

गर्भवतीच्या पोटावर इलेक्ट्रोड लावून बाळाचा ईसीजी काढायचा म्हटले, की पहिली अडचण आईच्याच हृदयाची येते. तिचा ठोका जोरकस. बाळाचा नाजूक संकेत त्याखाली झाकला जातो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बर्नार्ड विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली यावर एक तोडगा दाखवला. आईच्या छातीवरून तिचा ईसीजी वेगळा घ्यायचा, पोटावरच्या नोंदीत तो किती मिसळला आहे याचा अंदाज बांधायचा आणि तेवढा वजा करायचा. अंदाज चुकला, तर थोडा सुधारून पुन्हा वजा करायचा. मागे बाळाचे ठोके उरतात.

चुकत-सुधारत शिकणारे हे गणित विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी मार्शियन हॉफ यांनी १९६० साली मांडले होते. आज तेच गणित डेटा सेंटरमधल्या ऑप्टिकल फायबरच्या टोकाशी अखंड चालू असते.

फायबर म्हटले, की समुद्राखालच्या हजारो किलोमीटरच्या केबल आठवतात. पण नवी मुंबईसारख्या ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये एका कपाटातला संगणक दुसऱ्या कपाटातल्या संगणकाशी बोलतो, तेव्हा अंतर असते काही मीटरपासून दोन किलोमीटरपर्यंत. एवढ्याशा वाटेवर प्रकाश मंदावत नाही. मग गणित कशाला?

कारण वेग. पूर्वी लेझर चालू म्हणजे १, मंद म्हणजे ०, एवढेच पुरत असे. आता प्रकाशाच्या तेजाच्या चार पायऱ्या केल्या जातात आणि प्रत्येक पायरी दोन बिट सांगते. अशी ५३ अब्ज चिन्हे दर सेकंदाला एका लेझरमधून निघतात. दोन चिन्हांमध्ये अंतर पडते ते जेमतेम १९ पिकोसेकंदांचे. तेवढ्यात फायबरमधला प्रकाश चार मिलिमीटरही पुढे जात नाही.

इतक्या दाटीत चिन्हे एकमेकांवर सांडतात. लेझर आणि विद्युतमंडले तेवढ्या चपळाईने बदलू शकत नाहीत. शिवाय प्रकाशातल्या वेगवेगळ्या तरंगलांबी किंचित वेगळ्या वेगाने धावतात, म्हणून स्पंद पसरतो. त्यातच दोन पायऱ्यांमधली जागा पूर्वीच्या एक तृतीयांश उरलेली. अभियंते हा संकेत पडद्यावर पाहतात, तेव्हा उघड्या डोळ्यासारखी आकृती दिसते. तिचे नावच ‘आय डायग्राम’. संकेत बिघडला, की हा डोळा मिटतो.

तो उघडण्याचे काम डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग करते. फोटोडायोड प्रकाशाचा विद्युतप्रवाह करतो, चिप त्याचे आकडे बनवते आणि प्रत्येक चिन्हातून शेजाऱ्यांची सावली वजा करते. किती वजा करायची, हे ती विड्रो-हॉफ पद्धतीने स्वतःच शिकते. तापमान बदलले, की पुन्हा जुळवून घेते. तरीही काही बिट चुकतातच. त्यासाठी ५१४ चिन्हांमागे ३० तपासणीची चिन्हे जोडलेली असतात. त्यांच्या आधारे अशा एका गटातली १५ पर्यंत चुकलेली चिन्हे अचूक दुरुस्त होतात.

एका गोष्टीपुढे मात्र हे गणित अडते. फोटोडायोड प्रकाशाचे फक्त तेज मोजतो, तरंगाची कला त्याला कळत नाही. त्यामुळे पसरलेला स्पंद पूर्णपणे पूर्ववत करता येत नाही. म्हणून छोट्या अंतरासाठी १३१० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात, कारण तिथे हे पसरणे जवळजवळ शून्य असते. आधी दुखणे टाळायचे, उरलेल्यावर उपचार करायचे.

रुग्णाला याचा उपयोग काय? एक हजार छेदांचा सीटी स्कॅन साधारण ५०० मेगाबाइटचा असतो. सेकंदाला ४०० गिगाबिटच्या दुव्यावरून तो एका सेकंदाच्या शंभराव्या भागात जातो. पक्षाघातात उपचार न मिळाल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. तेव्हा दूरच्या तज्ज्ञाला चित्र लवकर दिसणे मोलाचे. पण साखळी सर्वांत कमकुवत कडीइतकीच पक्की. डेटा सेंटर कितीही वेगवान असले आणि ग्रामीण रुग्णालयाची जोडणी रखडत असली, तर चित्र रखडणारच.

दुसरी किंमत विजेची आहे. ४०० गिगाबिटचे एक मॉड्यूल दहा-बारा वॅट वीज खाते. त्यातला जवळपास निम्मा वाटा या चिपचा. मोठ्या केंद्रात अशी हजारो मॉड्यूल असतात, आणि त्यांची उष्णता काढायला पुन्हा वीज लागते. म्हणून काही अभियंते आता मॉड्यूलमधली चिपच काढून दुरुस्तीचा भार स्विचच्या चिपवर सोपवू पाहत आहेत. वीज वाचते, पण चुकीला जागा कमी राहते.

औषधाच्या मात्रेसारखाच हा प्रश्न आहे. कमी पडली तर दुखणे राहते, जास्त झाली तर तिचाच त्रास होतो. छोट्या दुव्याला नेमकी किती दुरुस्ती पुरेशी, यावर उद्याच्या डेटा सेंटरचे वीजबिल बरेचसे ठरेल.